वाघदेव कुंपणाच्या आत

आमच्या घरात सकाळच्या चहाआधी लेंड्यांची चर्चा व्हायची. पाहुणे मुक्कामाला असले की आई नानांना डोळ्यांनी दटावायची, पण नाना दारातूनच सुरू करायचे, "साळिंदराचं पोट आज ठीक आहे, अस्वलाने मात्र कालची भाकर तशीच बाहेर टाकली." पाहुण्याचा कप ओठांपाशी थांबायचा. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, गावच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात जनावरांचे डॉक्टर होते. संग्रहालय म्हणायचं ते कौतुकाने. एक म्हातारं अस्वल, चार माकडं, साळिंदरांची जोडी, थोडे मोर आणि अकरा चितळांचा कळप, एवढाच तो संसार. धुळे-जळगाव रस्त्यालगतचं हे गाव. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि जे सांगणार आहे त्यात दोष द्यायचाच तर माझ्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं क्वार्टर बागेच्या आतच होतं. शाळेतल्या मुली रविवारी तिकीट काढून जिथे यायच्या, तिथे मी दात घासत उभी असायची, याचा मला भारी तोरा होता. पहाटे मोर ओरडायचे, मग अस्वल पिंजऱ्याच्या गजांवर नखं घासायचं, मग रावेरकडून केळीची खोडं घेऊन येणारा ट्रॅक्टर फाटकाशी धडधडत थांबायचा. चितळांना ती चिरलेली खोडं फार आवडायची. उन्हाळ्यात त्यांना पाणी आणि चारा दोन्ही त्यातच मिळायचं. आईचा सगळा उन्हाळा गच्चीवर जायचा. बिबड्या, ज्वारीचे पापड, सांडगे घालायची आणि काठी घेऊन राखण करत बसायची, कारण बाहेरची मोकाट माकडं आमच्या पिंजऱ्यातल्या माकडांना भेटायला येत आणि जाताना बिबड्या घेऊन जात. दुपारी खिडक्यांना ओली पोती टांगलेली, ताटात कळण्याची भाकर, फुणके आणि कढी. नाना जेवायला बसले की त्यांच्या हातांना फिनाईलचा वास यायचा. मला तो वास म्हणजे वडिलांचाच वास वाटायचा. दवाखान्याच्या फरशीवर तो आला तरी आजही मला भूक लागते.

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून सातवीपासून रोजनामा लिहायचं काम माझ्याकडे होतं. नाना पहाटे फेरी मारायचे, काठीने लेंड्या उलटून बघायचे, आणि घरी आल्यावर मला सांगायचे. प्रत्येक जनावराची एक ओळ: काय खाल्लं, काय टाकलं, चाल कशी, कान कसे. मी एकदा विचारलं होतं की चेहरा बघून आजार कळत नाही का. ते म्हणाले, "रानातलं जनावर दुखणं लपवतं, शालू. मागे पडलेलं दिसलं की त्याला कोणीतरी खातं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. पिंजऱ्यात खाणारं कोणी नाही हे त्याला कोण सांगणार? म्हणून वर बघू नकोस, खाली बघ." खोटं किंवा अंदाजाने त्या वहीत काही लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिही, म्हणायचे. देवाधर्माच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं. आईच्या देव्हाऱ्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, पण तिकडे कधी बघितलंही नाही.

चितळांची देखभाल तुळशीराम आबांकडे होती. साक्रीकडच्या डोंगरातलं त्यांचं गाव, माणूस बारीक, डोक्याला कायम पांढरं फडकं. चितळं लाजाळू; नुसतं धरायला गेलं तरी धसक्याने मरतात. पण आबा आत गेले की कळपाचा एक कानसुद्धा हलत नसे. त्यांच्या गावाच्या शिवेवर वाघदेव होता, गुराढोरांची राखण करणारा. नोकरीला लागले तेव्हा त्यांनी तिकडचाच एक दगड आणून चितळांच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली बसवला. वर्षातून एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते त्याला तेलात खललेला शेंदूर लावायचे, गूळ-खोबरं ठेवायचे. दगडावर शेंदराचा बोटभर जाड थर झाला होता. वीसेक वर्षं तो तिथे सुखाने होता आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात कळपाची जागा वाढवायची ठरली. नवीन जाळी लिंबाच्या पलीकडून गेली आणि लिंब, त्याची सावली आणि वाघदेव असं सगळंच आत आलं. नाना म्हणाले, दगड बाहेर घ्या. आबा जाळीला हात लावून उभे राहिले. "डागदरसाहेब, देवले हालावानं नही. तो आठलाच शे. तुमनं कुंपनच त्याना दारशी उनं." कुंपणच देवाच्या दाराशी आलं म्हटल्यावर नाना हसले. सावली मिळाली हे मोठं, दगड काय खातोय, असं काहीतरी म्हणाले आणि विषय सोडून दिला. त्या वर्षी आखाजीला आबांनी नव्या जागेचा पहिला मान म्हणून देवाला भरपूर शेंदूर लावला आणि वर गुळाचे खडे चिकटवले. मीही त्यांच्याबरोबर होते. चिमी येऊन आमच्यात नाक खुपसत होती.

चिमी म्हणजे माझं चितळ. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा नानांनी ते ओलं पिल्लू पोत्यात गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं होतं. दोन महिने मी तिला बाटलीने दूध पाजलं. कळपात सोडल्यावरही माझी चाहूल लागली की ती धावत यायची आणि माझी बोटं चाटायची, कारण मी मुठीत गुळाचा खडा नेत असे. नानांना हे लाड पसंत नव्हते. ते बघत नसताना मी नेत असे.

आखाजीनंतर काही दिवसांनी शिंगाड्या बिघडला. हा कळपातला मोठा नर. सकाळी तो भिंतीला कपाळ टेकून उभा होता आणि भिंत ढकलत होता, जणू पलीकडे जायचं आहे. दात करकर वाजत होते, तोंडातून फेस. आबा जवळ गेले तरी त्याला दिसले नाहीत. दुपारी त्याला झटके आले. जीभ अडकू नये म्हणून आबांनी त्याच्या तोंडात हात घातला आणि हातावर दाताची खरचट आली. संध्याकाळपर्यंत शिंगाड्या गेला. नानांनी आधी आबांचा हात साबणाने धुतला, पंधरा मिनिटं नळाखाली धरून ठेवला, आणि मग मला म्हणाले, "लिही. पिसाळ रोगाचा संशय." चार दिवसांपूर्वी जाळीखालून एक मोकाट कुत्रं आत शिरलेलं आम्ही हाकललं होतं.

पिसाळ रोगाचा संशय असला की त्या काळी धड उघडत नसत. लागण होण्याची भीती असे. फक्त डोकं कापून, बर्फात घालून पुण्याला तपासायला पाठवायचं आणि बाकीचं चुना टाकून खोल पुरायचं, अशीच रीत होती. नानांनी तेच केलं. आजच्या कुठल्याही डॉक्टरनेही बहुधा तेच केलं असतं. डब्यातलं डोकं घेऊन शिपाई रेल्वेने गेला, आबांना सरकारी दवाखान्यात पोटातली चौदा इंजेक्शनं सुरू झाली, आणि कचेरीतून पत्र आलं. अहवालात पिसाळ रोग निघाला तर लोकांच्या जिवाचा विचार करून सगळा कळप मारून टाकावा लागेल, अशी त्यात ओळ होती. नानांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी सतरा वर्षांची होते आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की अहवाल वाईट आला तर चिमीला मारतील, आणि ते नानांना स्वतः करावं लागेल. आबा रोज इंजेक्शन घेऊन येत, पोटावर हात धरून लिंबाखाली बसत. "चौदा सुया शेत, पोरी. मन्हा पोटनी चाळनी व्हई जाई," असं मला हसवायला म्हणायचे. मग देवाकडे बघत बसायचे. त्यांच्याने उठबस होत नव्हती. म्हणून वाघदेवाचं मी माझ्याकडे घेतलं. आईने पुडीत शेंदूर आणि वाटीत तेल दिलं. "नानांना कळू देऊ नको," एवढंच म्हणाली. तीही घाबरलेली होती. मी रोज उजाडताच, नानांची फेरी अस्वलाकडे असताना, आत जायची. वर्षातून एकदा लागणारा शेंदूर मी रोज लावत होते. गूळ ठेवत होते. मी मनापासून हात जोडत होते, इतक्या मनापासून पुढे मी कधीच जोडले नाहीत. चिमी शेजारी उभी राहून माझी केशरी बोटं चाटत होती आणि मला वाटत होतं, तिला प्रसाद मिळतोय.

दोन-तीन दिवसांत आणखी चितळं अंगात मरगळ आल्यासारखी दिसू लागली. मी शेंदूर वाढवला.

अहवाल आला त्या सकाळी नाना वहाणा न घालताच आबांकडे धावले. पिसाळ रोग नव्हता. आबा दोन्ही हात तोंडावर धरून बसले. आईने घाईघाईने सांजा केला. मी धावत चिमीकडे गेले, कारण मला वाटलं होतं की देवाने ऐकलं. चिमी माझ्या आवाजाच्या दिशेने आली आणि मधल्या पाण्याच्या टाकीवर आदळली. पुन्हा उठली, पुन्हा आदळली. तेवढ्यात कळपातली म्हातारी मादी आडवी झाली आणि दुपारपर्यंत तीही गेली.

आता नानांना धड उघडायला हरकत नव्हती. मदतनीस रजेवर होता, म्हणून ट्रे धरायला मी उभी राहिले. त्यांनी जठराचा दुसरा कप्पा चिरला. आतून तो जाळीदार असतो, जड वस्तू तिथेच बसते. त्या जाळीच्या खाचांत केशरी-तांबडे कण बसले होते, शेकड्याने. नानांनी एक चिमटीत घेऊन नखावर घासला. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. कोडं सुटल्याचा आनंद आणि त्याच क्षणी आलेली भीती. "शिसं," ते म्हणाले. "आंधळेपणा, दात खाणं, झटके, सगळं जुळतं. कुठला तरी रंग चाटतायत ही. पण कुठला?" हात न धुताच ते बाहेर गेले. जाळी हिरवी होती. टाकी सिमेंटची. चाऱ्याच्या गव्हाणीचं लाकूड त्यांनी खरवडून बघितलं, तिथे रंगच नव्हता. लिंबाखालच्या दगडावरून त्यांची नजर तीन वेळा गेली. नाना देवाकडे बघतच नसत, म्हणून तो त्यांना दिसला नाही.

मला दिसला. ट्रे धरलेल्या माझ्या बोटांच्या नखांच्या कडांना तोच रंग होता. मी ट्रे ठेवला, हात ओढणीत गुंडाळले आणि घरी गेले. इथे मला थांबून लिहावं लागतं, कारण हे मी पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी लगेच बोलले नाही. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी कपडे वाळत घातले, बिबड्या डब्यात भरल्या, आईच्या दोन हाकांना ओ दिली आणि गप्प राहिले. आबांची नोकरी जाईल ही भीती होती. नाना माझ्याकडे कसं बघतील ही भीती होती. पण खरी भीती ही होती की मी बोलले तर ते खरं होईल. तेवढ्या वेळात बाहेर देवावर गूळ तसाच होता आणि कळप मोकळा होता.

दिवे लागले तेव्हा नाना ओट्यावर बसून स्वतःशीच रंगांची यादी करत होते. मी त्यांच्यासमोर दोन्ही हात धरले. त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझं एक बोट धरून कंदिलाजवळ नेलं. "शेंदूर," ते म्हणाले, "शिशाचाच रंग." मी म्हटलं, "नाना, रोज लावत होते. गूळ पण ठेवत होते. ती वाचावीत म्हणून." मला वाटलं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते उठले, मला नळाकडे नेलं आणि आबांचा हात धुतला होता तसाच माझा हात साबणाने धुतला, नखांतून, एकेक बोट. मग म्हणाले, "चल. आधी कळप तिकडून काढू."

जुन्या जागेत कळप कोंडून झाल्यावर त्यांनी आबांना सांगितलं. आबा दगडापाशी जाऊन बसले. मी रडत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिला हात मन्हा शे, पोरी. तुना नंतरना." दुसऱ्या सकाळी शेंदराचा थर खरवडायचा ठरला. देव आपण होऊन शेंदराची खोळ टाकतो तेव्हा गोष्ट वेगळी. सुरीने ती काढायची हे आबांच्या जिवावर आलं होतं. नानांनी मजूर बोलवायचं म्हटलं, तर ते म्हणाले, "मीच काढस. दुसरास्ना हात नको लागाले." उपाशी पोटी, तोंडाला फडकं बांधून त्यांनी तो थर काढला. आत साधा काळा दगड होता, तळहाताएवढा. काढलेला शेंदूर तापीत सोडायचा त्यांचा विचार होता. नाना म्हणाले, "आबा, नदीवर खाली गुरं पाणी पितात." मग बागेबाहेर खोल खड्डा घेऊन तो पुरला. माती ओढून झाल्यावर मी पाहिलं, नानांनी हात जोडले होते. देवाला की आबांना, ते मी विचारलं नाही.

शिसं रक्तातून ओढून लघवीवाटे बाहेर काढणारं इंजेक्शन आमच्या भागात नव्हतं. नानांच्या मित्राने ते मुंबईहून रेल्वेने आणून दिलं, त्यात दोन दिवस गेले. तोवर पोटात उरलेलं शिसं बाहेर पडावं म्हणून पाण्यात कडू मीठ देत होतो. मग रोज दोन वेळा एकेक आजारी चितळ धरायचं, सलाईनमधून औषध हळूहळू सोडायचं. चितळ धरलं की आधी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं, अंधार झाला की ते शांत होतं, ही नानांची पद्धत होती. चिमीची पाळी आली तेव्हा त्यांनी सवयीने फडकं उचललं, तिच्या डोळ्यांसमोर बोटं हलवून बघितली आणि फडकं परत खांद्यावर टाकलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

चार आजारी चितळांपैकी एक गेलं. दोन पूर्ण बरी झाली. चिमी वाचली, पण तिची नजर परत आली नाही.

शेवटचं इंजेक्शन झाल्यावर नानांनी मला रोजनामा आणायला सांगितलं. "लिही. शिशाची विषबाधा. मृत तीन. विषाचा स्रोत, शेंदूर." मी लिहिलं. मग मी आपल्या मनाने पुढे लिहू लागले, 'लावणारी', आणि तिथे माझं नाव घालणार होते. त्यांनी माझ्या पेनावर हात ठेवला. "तिथे लिही, पहिल्या जनावराचं पोट उघडलं नाही. नवीन जागेची तपासणी नीट केली नाही. चूक पशुवैद्याची." मी म्हटलं, "नाना, पण मी..." ते म्हणाले, "वही डॉक्टरची आहे. डॉक्टर मी आहे. यात खोटं काय आहे ते सांग." खोटं काहीच नव्हतं. मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि ती वही कचेरीत गेली. पुढे त्यांची बढती अडली ती त्याच ओळीवर, हे मला आईकडून फार उशिरा समजलं.

मी पुढे जनावरांचीच डॉक्टर झाले आणि त्यातही मेलेल्या जनावरांची, म्हणजे शवविच्छेदन करणारी. कुठल्याही संशयात पोट उघडल्याशिवाय मी सही केली नाही. त्यासाठी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. कोणी मेलेलं किंवा मरायला टेकलेलं जनावर घेऊन आलं की रोग, लस, चारा हे सगळं मी नंतर विचारायची. आधी विचारायची, तुम्ही याला लाडाने काय देता? माणसं गोंधळायची. काही जण रडू लागायचे, आणि मग मला पुढचं विचारावं लागायचं नाही.

चिमी पुढे सहा वर्षं जगली. कॉलेजमधून सुट्टीला आले की मी आधी नळावर हात धुवायची, कोपरापर्यंत, आणि मग आत जायची. ती माझ्या पावलांचा आवाज ओळखायची आणि टाकीला वळसा घालून बरोबर माझ्यापर्यंत यायची. हात चाटायला लागली की माझी बोटं आपोआप मिटायची. तिला चाटू देणं मला जमतच नव्हतं. तिला वाटायचं मुठीत गूळ आहे. मग ती नाक माझ्या मुठीला लावून, मूठ उघडायची वाट बघत, कितीतरी वेळ तशीच उभी राहायची.